तुळईला जोड

४ नोव्हेंबर

आत्या,

फोन ठेवल्यावर मला नेहमी वाटतं की बोलणं झालंच नाही. तुला ऐकू येत नाही आणि मला फोनवर सुचत नाही. ‘बरं आहे ना? बरं आहे!’ असं दोघं ओरडतो, मग मागून ताई म्हणते, ‘ठेवते रे.’ म्हणून पत्र लिहितोय. दाजी, तुम्ही हे आत्याला वाचून दाखवाल आणि तिचं उत्तर लिहून घ्याल, त्याबद्दल आधीच आभार.

हे पत्र मी दुसऱ्यांदा उतरवलं आहे, कारण पहिल्यात खाडाखोड झाली. आत्या, तुला अक्षर वाचता येत नसे, पण खाडाखोड बरोबर दिसायची आणि तू अख्खं पान परत लिहायला लावायचीस. माझी शाळा आठवीत सुटली, ती सवय काही सुटली नाही.

तर सांगायचं असं की मी आपलं बाथरूम बदलायला घेतलं आहे. मध्यंतरी तुझा पाय घसरला तेव्हा ताई म्हणाली, आता ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. आपला संडास पार मागच्या कोपऱ्यात, मोरीच्या ओल्या जागेतून जायचं आणि उकिडवं बसायचं. तू परत आलीस तरी दोन दिवस टिकणार नाहीस. आणि तुला यायचं तर आहेच. जाताना म्हणाली होतीस, ‘नातू चालायला लागला की आलेच.’ नातू आता शाळेत चालत जातो.

मी दारालगतच कमोड बसवणार आहे. पण अडचण तुळयांची आहे. आपण दुकानाच्या वर राहतो, त्यामुळे आपली जमीन म्हणजे लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या, त्यांच्यावर पत्रा आणि लादी. कमोडचा पाइप हातभर जाड नसला तरी चांगला जाड असतो. तो तुळईला भोक पाडून नेता येत नाही, दोन तुळयांच्या मधल्या गाळ्यातूनच न्यावा लागतो आणि त्याला उतारही लागतो. तुळया दारापासून मागच्या भिंतीपर्यंत गेल्यात आणि मोठा पाइप मागच्या भिंतीबाहेर आहे, हे आपलं नशीब. आडव्या असत्या तर मी हातच टेकले असते. मात्र मला कमोड मधोमध हवा होता, आणि मधोमध नेमकी तुळई आहे. म्हणून तो उजव्या भिंतीकडे सरकवतोय. एका अर्थी बरंच झालं. उठताना तू उजवा हात टेकून उठतेस, शिवणाच्या मशीनवरून उठतानाही तसंच उठायचीस. उजव्या भिंतीत धरायला दांडी लावतो.

सोबत चित्र काढून पाठवलं आहे. काळ्या रेघा म्हणजे तुळया.

तुझा
बारक्या

-----

२० नोव्हेंबर

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

(सासूबाई सांगत आहेत त्याप्रमाणे लिहीत आहे. लेखनिक : तुमचे दाजी.)

तुझं पत्र जावईबापूंनी वाचून दाखवलं. इथे सगळं उत्तम आहे. लिफ्ट आहे, गरम पाणी नळाला येतं, खिडकीतून लांबपर्यंत दिसतं. सकाळी सगळे आपापल्या कामाला जातात, संध्याकाळी येतात. मला काही कमी नाही.

चित्र बघितलं. अक्षर मला परकं, पण चित्र कळतं. त्या तुळयांखाली मी किती वर्षं शिवण केलं, ते तू मला सांगतोस होय? दिवा लटकायचा ती तुळई उजवीकडून दुसरी. तू लहानपणी टेबलावर उताणा पडून त्या मोजायचास आणि दर वेळी एक विसरायचास. आता मोजायच्या धंद्यात आहेस, देव तुझ्या गिऱ्हाइकांचं भलं करो.

माझ्या दुकानात आता ते घड्याळवाले आहेत ना? त्यांना विचारलंस का? त्यांच्या डोक्यावर संडास आणतोयस.

दांडी कुठेही लाव. नाही लावलीस तरी चालेल. काम सावकाश कर, माझ्यासाठी घाई करू नकोस. वेळेवर जेवत जा.

(वरील मजकूर सांगितल्याप्रमाणे. सासूबाई आता झोपल्या आहेत. हल्ली बोलल्यावर त्यांना थकवा येतो. दाजी.)

-----

८ डिसेंबर

आत्या,

तू बरोबर ओळखलंस. घड्याळवाले संतापले. मी फळ्या उचकटायला लागलो तसे ते डोळ्याचं भिंग न काढताच वर आले.

“काय चाललंय?”

“कमोड पुढे घेतोय, काका.”

“पुढे म्हणजे कुठे?”

मी बोट दाखवलं. त्यांनी वाकून गाळ्यातून खाली बघितलं. खाली त्यांचं टेबल, टेबलावर कुणाचं तरी उघडं घड्याळ.

“म्हणजे बरोबर माझ्या टाळूवर!”

“पाइप असणार, काका. कमोड तर वरच.”

“अरे, पण बसणारा माणूस माझ्या टाळूवरच बसणार ना! मी बारीक स्क्रू धरलाय आणि वरून पाणी सुटलं धो धो! हात हलला की घड्याळ गेलं.”

मी म्हटलं, आत्यासाठी करतोय. तेव्हा त्यांनी भिंग काढलं. “शिवणवाल्या बाई? त्या येणार?” आणि खाली निघून गेले. थोड्या वेळाने खालून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. खाली जाऊन बघतो तर त्यांनी टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं होतं. मला म्हणाले, “उजेड ह्या बाजूला बरा आहे.” तिथे उजेड अजिबात नाही.

आता खरी गोष्ट. फळ्या काढल्यावर जे दिसलं त्याने माझी झोप उडाली आहे. उजवीकडून दुसरी तुळई, तुझ्या दिव्याची, खालच्या अंगाने अर्ध्यापर्यंत कापलेली आहे. कुणीतरी बेसिनचा पाइप आडवा न्यायला करवतीने खाच पाडली आहे. आत्या, तुळईचा सगळा ताण खालच्या अंगाला असतो. वरून थोडी तासली तर एक वेळ चालून जातं, भोक पाडायचंच तर बरोबर मध्यावर लहानसं पाडावं, पण खालून खाच म्हणजे तिचा जीवच काढणं. ती बोटभर खाली बसली आहे. इतकी वर्षं आपण तिच्यावर अंघोळ करत होतो.

मी ज्यांच्या हाताखाली काम करतो ते मिस्त्री बघायला आले होते. म्हणाले, “एवढं काय टेप, ती गेलीच आहे, काढून टाक. गाळा मोठा मिळेल, कमोड पाहिजे तिथे मधोमध बसेल.” (सगळे मला टेप म्हणतात, मी दर गोष्ट दोनदा मोजतो म्हणून.) मी हो म्हणालो आणि त्यांची पाठ वळल्यावर करवत परत पेटीत ठेवली. अजून ठरवलेलं नाही. सध्या खालून टेकू दिला आहे. तो घड्याळवाल्यांच्या दुकानात मधोमध उभा आहे आणि गिऱ्हाइकं त्याला टोपी अडकवतात.

संध्याकाळी घरी आलो की मी त्या उघड्या जमिनीच्या कडेला बसून जेवतो. खाली दुकानातली घड्याळं ऐकू येतात. आधी फळ्या होत्या तेव्हा येत नसत. जरा बरं वाटतं.

तुला काय हवं ते कळव. बेसिन उंच की बुटकं? नळ फिरवायचा की दांडा उचलायचा?

बारक्या

-----

२६ डिसेंबर

चि. बारक्यास आशीर्वाद.

ती खाच तुझ्या आतोबांनी पाडली. त्यांना बेसिनची भारी हौस. कुठल्याशा हॉटेलात बघून आले आणि म्हणाले, आपल्याकडेही उभ्याने तोंड धुवायचं. माझ्या टेबलावर स्टूल ठेवून करवत चालवली. भुसा सगळा एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर. मी तो कोट झटकत बसले आणि हे वरून विचारतात, ‘सरळ येतंय का गं?’ मला काय कळतंय सरळ की वाकडं! मी म्हटलं, येतंय. म्हणजे निम्मं पाप माझं.

एक विचारायचं आहे. नीट उत्तर दे, तुझ्या मिस्त्रीला विचारून देऊ नकोस. ती तुळई एका बाजूने गेली म्हणतोस. मग ती काढून टाकलीस का? अशी अर्धी गेलेली तुळई कुणी घरात ठेवतं का? तिचा काही उपयोग असतो, की नुसती जागा अडवते?

बेसिन कसंही चालेल. नळ दांड्याचा बघ, फिरवायचा नको.

(सासूबाईंनी तुळईचा प्रश्न मला तीनदा वाचून दाखवायला लावला आणि दोन शब्द बदलले. आपण उत्तर लवकर द्यावं ही विनंती. दाजी.)

-----

१२ जानेवारी

आत्या,

तुळईची एवढी काळजी करशील असं वाटलं नव्हतं. लवकर लिहायचं होतं, पण पक्कं झाल्याशिवाय लिहू नये म्हणून थांबलो.

नाही काढली. काढता येतच नाही. एक तर तिच्यावर फळ्या आहेत, फळ्यांवर भिंतीचा थोडा भार आहे, ती काढली तर शेजारच्या दोघींवर ओझं येतं आणि उद्या त्या वाकतात. दुसरं म्हणजे ती पूर्ण गेलेली नाही. खाच सोडली तर लाकूड असं पक्कं आहे की खिळा वाकतो. अशा तुळईला काय करतात सांगतो. आधी खालून टेकू देऊन हळूहळू वर उचलायची, एका दिवसात नाही, रोज थोडी. घाई केली तर तडकते. मग तिला लागून, अगदी अंगाला अंग, दुसरी नवी तुळई ठेवायची, दोन्ही टोकं भिंतीत टेकवायची आणि आरपार बोल्ट घालून दोघींना एकत्र आवळायचं. भार दोघी वाटून घेतात. आमच्या कामावरच्या सुतारमामांनी मदत केली. ते म्हणाले, आता ही घरातली सगळ्यांत भक्कम तुळई झाली.

टेकू काढला. गिऱ्हाइकं टोप्या कुठे अडकवायच्या विचारतात.

कमोड बसला, उजव्या भिंतीकडच्या पहिल्या गाळ्यात. पाइपला उतार बरोबर मिळाला. मी बादलीने पाणी ओतलं आणि खाली जाऊन कान लावून उभा राहिलो. घड्याळवाले म्हणाले, “काय ऐकतोस, डॉक्टर?” एक थेंब नाही.

आता राहिली दांडी. दुकानात दोन जाडीच्या मिळतात. जाड दांडी हातात मावली नाही तर पकड सुटते, बारीक असली तर रुतते. म्हणून दाजी, एक विनंती. आत्याचा उजवा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवून पाठवा. बोटं थोडी फाकलेली असावीत. मापाचं लिहून पाठवू नका, कागदच पाठवा, कारण प्रत्येकाचं माप घेणं वेगळं असतं.

कपाटातली तुझी चादर धुऊन ठेवली आहे.

बारक्या

-----

३० जानेवारी

चि. बारक्यास,

हाताचा कागद सोबत पाठवला आहे. सासूबाई बऱ्या आहेत. तुळईचं वाचून दाखवलं. त्यांनी पत्र मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

दाजी

-----

९ फेब्रुवारी

दाजी,

कागद मिळाला. रागावू नका, पण थोडी चूक झाली आहे. हा आत्याचा डावा हात आहे. आधी वाटलं, कागद उलटा धरलाय, म्हणून खिडकीच्या काचेवर लावूनही बघितलं. पण करंगळी वाकडी आहे. ती तिची डाव्या हाताची करंगळी, दुकानाचं शटर ओढताना सापडली होती. त्या करंगळीवर मी जखम भरेपर्यंत रोज पट्टी बांधली आहे, त्यामुळे माझी चूक होणार नाही.

तुम्हाला गडबडीत लक्षात आलं नसेल. उजव्याचा पाठवाल का? दांडी उजव्या भिंतीत आहे. मला राहवलं नाही म्हणून जाड दांडी आणून लावूनही टाकली, पण पकड बघून बदलता येईल.

आणि आत्याचं पत्र नाही आलं ह्या वेळी. तुम्हीच दोन ओळी लिहिल्यात. ती रागावली आहे का? की माझं तुळईपुराण फार झालं? मी ते पत्र आठवून आठवून बघितलं, त्यात वावगं काही सापडत नाही. उत्तर आलं नाही तर मला फार वाईट वाईट सुचतं, हे तुम्हाला माहीत नसेल, तिला माहीत आहे.

आपला
बारक्या

-----

१४ मार्च

चि. बारक्यास,

हे पत्र माझं आहे. सासूबाईंनी सांगितलेलं नाही, आणि मी लिहीत आहे हे त्यांना ठाऊक नाही. उशीर झाला. चार वेळा लिहायला बसलो. ऑफिसात रोज पत्रं लिहितो, पण ती कुणाला आपली वाटू नयेत अशी लिहायची असतात. हे जमत नव्हतं.

चूक झालेली नाही. तो डावाच हात आहे. उजवा कागदावर ठेवता येत नाही.

त्यांचा पाय घसरला नव्हता. उजवी बाजू गेली. दवाखान्यात होत्या. आता भिंत धरून चालतात, काठीही डाव्या हातात घेतात. उजवा हात मूठ मिटून पोटाशी असतो. बोलणं थोडं अडखळतं. तुम्हाला फोनवर ‘ऐकू येत नाही’ असं जे वाटतं, त्यातलं निम्मं ते आहे. कळवू नये म्हणून त्यांनी तुमच्या ताईला आणि मला शपथ घातली. म्हणाल्या, ‘तो पोरगा हातातलं काम टाकून येईल आणि मग त्याला झोप लागायची नाही.’ मी शपथा वगैरे मानत नाही, पण मोडल्या नव्हत्या.

तुमच्या उजव्या भिंतीच्या दांडीचं वाचत असताना मला थांबावंसं वाटत होतं. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, वाचा. पत्र संपल्यावर म्हणाल्या, ‘लिहा, दांडी कुठेही लाव.’ ते वाक्य तुम्ही वाचलंच आहे.

तुळईचं तुमचं उत्तर आलं तेव्हा त्या रडल्या. तुम्ही तुळईबद्दल लिहीत होतात. त्यांनी तुळईबद्दल विचारलं नव्हतं.

आता त्या म्हणतात, येणार नाही. ‘एकट्या पोराच्या गळ्यात अर्धी बाई कशाला? बाथरूम वाया जाणार नाही, त्याच्या बायकोला होईल.’ मी म्हणालो, ठीक. पण मला एक दिसतं ते सांगतो. आम्ही सकाळी दार ओढून घेतो ते संध्याकाळी उघडतो. जेवण झाकून ठेवलेलं असतं. परवा रजा होती म्हणून मी घरी होतो. त्या दिवसभर खिडकीशी बसून होत्या. इथून माणसं फार लहान दिसतात. दुपारी त्यांनी तुम्ही पाठवलेलं चित्र बाहेर काढलं आणि बोटाने त्या काळ्या रेघांवरून दारापासून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आल्या. मी बघतोय हे त्यांना कळलं नाही.

आम्ही त्यांना काही कमी करत नाही, हे मी स्वतःला सांगत असतो. ते खरंही आहे.

तुम्ही काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही. फक्त माप चुकीचं जाऊ नये म्हणून लिहिलं.

तुमचे
दाजी

-----

२ एप्रिल

आत्या,

दाजींनी मला सगळं कळवलं आहे. त्यांच्यावर रागावू नकोस. दाजी, हे तुम्ही तिला मोठ्याने वाचून दाखवा, कुठे थांबू नका.

पत्र वाचल्यावर मी आधी उजव्या भिंतीतली ती दांडी बघत बसलो. इतकी सरळ लावली होती. मग मी माझा उजवा हात पोटाशी धरून पट्ट्याने बांधला. सुट्टीचा दिवस होता. दिवसभर तसाच राहिलो. जिना उतरलो, चढलो, दार उघडलं, चहा केला, तोंड धुतलं, कमोडवर बसलो आणि उठलो. उठताच येईना. दांडी उजवीकडे, हाताच्या अगदी शेजारी, आणि काही उपयोग नाही. डावीकडे नुसती हवा. मी दोनदा आपटलो. खालून घड्याळवाले ओरडले, “काय पाडलंस?” मी म्हटलं, “स्वतःला.” ते वर आले. माझा बांधलेला हात बघितला आणि काही न विचारता स्टुलावर बसले. मी सांगितलं. त्यांनी उठून डाव्या भिंतीवर हात ठेवून बघितला.

मग म्हणाले, “कमोड डाव्या भिंतीला ने.”

मी म्हटलं, “नेता येत नाही. मध्ये तुळया आहेत, पाइप आडवा जाणार नाही.”

“मग?”

मग मला दिसलं, आत्या. कमोडच्या डाव्या अंगाला, फरशीखाली, तुझी दिव्याची तुळई आहे. जिने मला पहिल्या दिवसापासून अडवलं, मधोमध बसू दिलं नाही, ती. आता तिला जोड आहे. दांडीला भिंतच पाहिजे असं कुठे आहे? दांडीला भार घेणारं काहीतरी पाहिजे. नुसत्या फळीवर खांब उभा केला तर तो हलतो, माणूस भार टाकतो आणि खांबासकट पडतो. पण तुळईत बोल्ट घातला तर तो घराचाच होतो. मी सुतारमामांना बोलावलं. तिथे कमरेएवढी बुटकी भिंत उभी केली आहे, तिचे खांब खाली दोन्ही तुळयांमध्ये आवळले आहेत. तिच्यावर दांडी, बारीक, तुझ्या डाव्या हाताच्या कागदावरून घेतलेली. करंगळी वाकडी म्हणून शेवटी थोडी जागा जास्त सोडली आहे. उजव्या भिंतीतली जाड दांडी काढून टाकली.

त्या बुटक्या भिंतीमुळे बेसिनची जागा गेली, म्हणून ते दाराकडे घेतलं. त्याचा बारीक पाइप मात्र तुळयांतून न्यावा लागला. बरोबर मध्यावर, लहान भोक पाडून. खाच नाही. आतोबांची माफी मागून जुनी खाच लाकडाने भरून टाकली. नळ दांड्याचा आहे आणि डावीकडे आहे. तू दांड्याचा का मागितलास ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, फॅशन.

जिन्याला कठडा चढताना डाव्या हाताला आहे. उतरताना तो उजवीकडे जातो, म्हणून दुसऱ्या बाजूलाही लावला. म्हणजे तू नुसती वर येऊन बसायची नाहीस, खालीही उतरायचं आहे.

मी दिवसा कामावर असेन, हे तू विचारणारच. मिस्त्रींना सांगितलं आहे, लांबची कामं नकोत, दुपारी घरी जाणार. म्हणाले, “टेप, तुझं लग्न ठरलं का?” आणि घड्याळवाले म्हणाले ते तसंच्या तसं लिहितो : “त्यांना सांग, काही लागलं तर काठी आपटा. मी खालीच असतो. आणि नळाचा, चालण्याचा, कसला आवाजच आला नाही तर मी न बोलावता वर येऊन बघीन.” हेच गृहस्थ मला टाळूवर पाणी नको म्हणाले होते.

आत्या, तू विचारलं होतंस, नीट उत्तर दे म्हणून. मी तेव्हा नीटच दिलं होतं, फक्त कशाचं देतोय ते कळलं नव्हतं. तेच उत्तर आहे. बदललेलं नाही.

फक्त एक खोटं त्यात होतं. जोड तुळई जुनीला आधार म्हणून लावतात, असा माझ्या लिहिण्याचा रोख होता. सुतारमामा म्हणतात, नवं लाकूड एकटं ठेवलं की तेच आधी पीळ खातं. जुन्याला आवळलं की सरळ राहतं.

हे पत्र मी परत उतरवलेलं नाही. खाडाखोड आहे. बघ आणि ओरड.

बारक्या

-----

२१ एप्रिल

बारक्या,

(सासूबाई सांगतात तसं लिहीत आहे. मध्ये काही ठिकाणी मी ‘हे नको’ म्हणालो, तेही लिहायला लावलं आहे.)

खाडाखोड बघितली. तिसऱ्या पानावर तर कहर आहे. आल्यावर पान परत लिहून घेईन.

जावईबापूंवर मी रागावले होते. एक दिवस बोलले नाही. मग त्यांनीच माझ्या चहात साखर घातली नाही, तेव्हा बोलावं लागलं. (हे खोटं आहे. साखर संपली होती. दाजी.) चांगला माणूस आहे. मी त्यांच्यासमोर त्यांना सोडून जायचं सांगतेय आणि ते लिहितायत. लिहा हो, थांबलात का? माझ्या लेकीचं घर वाईट नाही. पण इथे वर कुणी नाही आणि खाली कुणाला माझे पाय ऐकू येत नाहीत. मी दिवसभर चालले काय, नाही काय.

तू पट्ट्याने हात बांधून घेतलास ते ऐकून मी हसले. मग तू आपटलास तिथे जावईबापूंना थांबवलं. पुन्हा असं करू नकोस. तुझा आहे तो वापर.

घड्याळवाल्यांना सांग, मी शिवण करायची तेव्हा त्यांच्या दुकानातला उजेड उजव्या भिंतीलाच असायचा. टेबल परत जागेवर घ्या म्हणावं, पाण्याच्या आवाजाची सवय होते.

ह्या महिन्याच्या शेवटी जावईबापू सोडायला येतील. त्यांना दोन दिवस ठेवून घे. त्यांना चांगलं जेवायला लागतं, तोंडाने सांगत नाहीत. (हे लिहिणार नव्हतो. दाजी.)

सोबत आणखी एक कागद आहे. तू उजवा हात मागितला होतास. तेव्हा द्यायची लाज वाटली. उघडत नाही, म्हणून जावईबापूंनी मूठ तशीच ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. गोल आला आहे, बटाट्यासारखा. बोटं शोधू नकोस.

हाही येतोय. दांडीचं काम नाही त्याचं. पण बसल्यावर त्याला टेकवायला काहीतरी लागतं, नाहीतर लोंबकळतो आणि खांदा दुखतो. उजवी भिंत रिकामी आहे ना? तिथे एक फळी लाव. मोजून.

आत्या